भिवंडीचा गाळा घ्यायचा का? भाडं तेवढाच हप्ता होतोय काका

काका, तुमचा हिशोब वाचला. वय 61, पीएफ-ग्रॅच्युइटी-एफडी सगळं मिळून दीड कोटी, त्यावर 80 लाखांचं कर्ज काढून काल्हेरच्या आत 8,000 फुटांचं गोदाम 2 कोटी 10 लाखांना घ्यायचं, भाडेकरू बसलेलाच आहे आणि 1 लाख 20 हजार भाडं येतंय, एजंट म्हणतो समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आला, आता भाव थांबत नाहीत. रस्ता आलाय हे खरंच आहे, जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला. पण तो तुमच्यासाठी आला असं एजंट सांगतोय, तिथे मला जरा हसू आलं.

आधी आकडे बघू. 1 लाख 20 हजारातून भाडेकरू 10 टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा कर) कापणार, हातात 1 लाख 8 हजार. आणि 80 लाख साडेदहा टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतले तर हप्ता बसतो साधारण 1 लाख 8 हजार. म्हणजे आलं तेवढं गेलं, कापलेला टीडीएस इन्कम टॅक्स रिटर्न भरताना हिशोबात येईल पण घरखर्चाचं काय? स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील, दलाली धरून गाळा 2 कोटी 26 लाखांच्या घरात जातो, म्हणजे तुमच्याकडे उरले चारेक लाख. वर्षातून एक महिना रिकामा आणि घरपट्टी, विमा, पत्रे-शटर दुरुस्तीला लाखभर धरा, की 14.4 लाखांचे 12 लाख राहतात. तेही इन्कम टॅक्सच्या आधी. 2 कोटी 26 लाखांवर साधारण सव्वापाच टक्के झाले. सिनियर सिटीझन स्कीममध्ये 30 लाखांपर्यंत 8.2 टक्के मिळतात आणि तिथे शटरला गंज चढत नाही.

आता मला जास्त खटकलेली गोष्ट. तुम्ही लिहिलंय "ग्रामपंचायतीचा दाखला आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत". काका, घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत होत नाही. भिवंडीच्या आसपासच्या गावांसाठी 2007 पासून एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ही प्लॅनिंग ऑथॉरिटी आहे, त्यांची बांधकाम परवानगी आणि ओसी (वापर परवाना) लागते, जमिनीचा बिगरशेती (एनए) वापर कागदावर लागतो, फायर एनओसी लागते, आणि सातबाऱ्यावर विकणाराच एकटा आहे की चार चुलतभाऊ पण आहेत ते फेरफारासकट बघावं लागतं. एक सोपी टेस्ट सांगतो, राष्ट्रीयीकृत बँकेत फाईल टाका, तिचा पॅनलवरचा वकील काय म्हणतो बघा. "बँक नको, माझ्या ओळखीच्या फायनान्सवाल्याकडून करून देतो" असं एजंट बोलला तर उत्तर मिळालं समजा.

आणि एकदा पावसात जाऊन या, सकाळी नको, दुपारी ट्रक लागतात तेव्हा. आत भिंतीवर गुडघ्याएवढी पिवळट रेघ दिसते का बघा, ती मागच्या पुराची असते, मालक चुना मारतात पण ओल परत वर येते. रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला की जुने गाळे त्याच्या खाली जातात. 32 फुटी कंटेनर गल्लीत वळतो का ते पण बघा. छत 16 फूट म्हणताय, आजच्या मोठ्या कंपन्यांना पडघ्याकडे 30-40 फुटी शेड मिळतात रॅक लावायला, त्या तुमच्याकडे येणार नाहीत, येणार छोटे ट्रान्सपोर्टवाले आणि ते घासाघीस करणार.

माझं मत विचाराल तर हा गाळा नको, कर्ज काढून तर नाहीच. कागद स्वच्छ निघाले आणि तरी घ्यायचाच असेल तर भावाबरोबर अर्धा-अर्धा छोटा गाळा बिनकर्जाचा बघा, पन्नासेक लाख बाजूला सुरक्षित ठेवून.

सध्याचा करार रजिस्टर्ड आहे का, लॉक-इन (भाडेकरूला सोडून जाता येत नाही तो काळ) किती महिने उरलंय आणि डिपॉझिट कोणाकडे राहणार, ही तीन पानं मला पाठवा. टोकन दिलं असेल तर पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते आजच बघा, "परत मिळणार नाही" लिहिलं असेल तर पुढचा चेक देऊ नका.