नीट जेवूनही गरोदरपणात हिमोग्लोबिन कमी का राहतं?

पोटभर जेवणं वेगळं आणि लोह अंगी लागणं वेगळं. गरोदरपणात रक्तातला द्रव भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. पण पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ते डेसिलिटरमागे ११ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. पालेभाज्या आणि डाळींतलं लोह शरीर कमी शोषतं, मांस-मासळीतलं जास्त. जेवणासोबत चहा-कॉफी घेतली तर भाज्या-डाळींतलं तेवढंही अडतं. लिंबू किंवा संत्रं घेतलं तर शोषण वाढतं. शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. तेच कमी असेल तर नुसत्या लोहाने आकडा फारसा हलत नाही.

पण सगळा दोष ताटाला देऊ नका. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं, कमी वयातलं बाळंतपण, दोन मुलांत जेमतेम वर्षाचं अंतर, तपासणीला जायलाही कुणाची तरी परवानगी... तिथे आहाराचा तक्ता काय कामाचा? (म्हणून तपासणीला घरच्यांनाही सोबत न्या.)

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या, नुसत्या आहाराने ही गरज सहसा भागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. आणि शौचाला काळी झाली म्हणून घाबरून गोळ्या सोडू नका, ते त्या लोहामुळेच होतं.