मी त्यांची कोण लागते?

ताई,
मी करसल्लागार आहे. २३ वर्षं एका कुटुंबाचे हिशेब बघत आले. त्या घरातले कर्ते गृहस्थ मागच्या महिन्यात गेले. आधी ते नुसते क्लायंट होते. मैत्री कधी झाली ते आम्हा दोघांनाही कळलं नसावं. देव आणि घर, या दोहोंपुढे त्यांना तिसरं काही दिसत नसे. मी पक्की नास्तिक, तरी आमचं जमलं. एका वर्षी माझ्याच चुकीमुळे त्यांचा कर कमी भरला गेला होता. ते कोणाच्याही लक्षात आलं नसतं, पण त्यांनी मला चूक दुरुस्त करायला लावली. म्हणाले, "देवाला दाखवायला वेगळी वही नाही माझ्याकडे."
ते गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसातच रडले. सहकाऱ्याने विचारलं, "नात्यातले होते का?" मला काही बोलता आलं नाही. आता त्यांच्या पत्नीने स्मरणसभेत पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. त्यांच्या श्रद्धेबद्दल मी खोटं न बोलता काय बोलू? दुसरं असं, की धाकट्या भावाशी त्यांनी संबंध तोडले होते असं घरचे समजतात. त्याच भावाला ते अकरा वर्षं दरमहा पैसे पाठवत होते. घरात हे कोणालाच माहीत नाही. सभेत सांगितलं तर त्यांचं मन किती मोठं होतं ते सगळ्यांना कळेल. सांगू का? शिवाय या वर्षीचं बिल पाठवायचं राहिलंय, त्याचीही लाज वाटते.
– हिशेबनीस

हिशेबनीसबाई,

भावाच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

माणूस गेला म्हणून त्याचं गुपित आपल्या मालकीचं होत नाही. डॉक्टर घेतात ती जिनिव्हा प्रतिज्ञा १९४८ची. पुढे १९६८ साली तिच्यातल्या गोपनीयतेच्या वचनाला "रुग्णाच्या मृत्यूनंतरही" अशी पुस्ती मुद्दाम जोडली गेली. वकिलाशी झालेलं बोलणं अशील वारल्यावरही गोपनीयच राहतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतही क्लायंटशी असलेला संबंध संपल्यावर गोपनीयता संपत नाही. यातलं निदान शेवटचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तरी तुम्ही विचारलंत, कारण तुम्हाला त्यांना काहीतरी द्यायचंय आणि हातात असलेली सगळ्यात सुंदर वस्तू नेमकी हीच आहे. पण ती तुमची नाही.

जरा त्या सभेत बसून बघा. अकरा वर्षं दर महिन्याला त्यांना हे घरी सांगता आलं असतं आणि दर महिन्याला त्यांनी ते टाळलं. भावाचा मान राखायला असेल, घरातली शांतता राखायला असेल. तुम्हाला कारण माहीत नाही, मलाही नाही. त्यांची पत्नी पहिल्या रांगेत असेल. नवऱ्याने आपल्यापासून काय लपवलं हे तिला चारचौघांत, माईकवरून, दुसऱ्या बाईच्या तोंडून कळेल. तुम्हाला वाटतं नवऱ्याचं मोठं मन तिला दिसेल. मला वाटतं, तिला आधी एवढंच ऐकू येईल की ही माझ्यापेक्षा जास्त जाणत होती. आणि तो भाऊ? तो हयात आहे. तो कदाचित मागच्या रांगेत उभा असेल, आणि इतक्या वर्षांनी घरच्यांसमोर त्याची ओळख होईल ती पैसे घेणारा म्हणून.

बँकेचे कागद पुढेमागे वारसांच्या हाती जातीलच. त्यांच्या शेवटच्या विवरणपत्रासाठी पत्नी तुमच्यासमोर बसेल आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारेल, हे काय? तेव्हा कागदावर आहे ते सरळ सांगा, आपले तर्क जोडू नका. भावाला मात्र सभेची तारीख नक्की कळवा. घरातून त्याला कोणी कळवेल असं दिसत नाही. काही सांगायचं असेल तर ते त्याला सांगू दे.

आता तुमच्या रडण्याबद्दल. तुम्ही त्याविषयी प्रश्न विचारलेला नाही, पण पत्र त्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं. समाजाने ज्याला जागाच ठेवलेली नाही अशा दुःखाला अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली एक नाव दिलं. मराठीत आपण त्याला हक्क नाकारलेलं दुःख म्हणू. मेलेला माणूस नात्यातला नसला की रडणाऱ्याला आधी ओळखपत्र दाखवावं लागतं. तुमच्या सहकाऱ्याने तेच मागितलं, बिचाऱ्याच्या मनात वाईट नसेल. मैत्रीण म्हणावं तर भुवया उंचावतात, सल्लागार म्हणावं तर अश्रूंचा हिशेब लागत नाही. कोणी दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) समजावू लागलं तर ऐकून सोडून द्या. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. तुम्ही आता कितव्या पायरीवर आहात हे शोधत बसू नका.

उरली ती पाच मिनिटं. श्रद्धेवर बोलायला श्रद्धा असावी लागत नाही, नजर असावी लागते. ते देवाघरी गेले असं तुम्हाला वाटत नसेल तर म्हणू नका. "ते असं मानायचे" म्हणा, आणि त्या मानण्याने ते काय काय करायचे ते सांगा. सही करण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे का? प्रार्थनेच्या वेळी तुमचा फोन घ्यायचे नाहीत का? तुमच्या नास्तिकपणाची चेष्टा कशी करायचे? हे तुम्ही मला लिहिलेलं नाही, पण २३ वर्षांत असं काही नक्की साठलं असेल. वेगळ्या वहीचं ते वाक्य सांगाच, त्यात सगळा माणूस आहे. मात्र तेही फायलीतलंच आहे, म्हणून आधी पत्नीला विचारा आणि आकडे वगळा. चूक तुमची होती हेही लपवू नका. त्याशिवाय त्या वाक्याला वजन येणार नाही.

घराबद्दल तुम्ही पत्रात फार थोडं लिहिलंय. सभेत याच्या उलट करा. मुलांना त्यांचे वडील घरातले माहीत आहेत. टेबलापलीकडे बसून ते मुलांबद्दल काय बोलायचे, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? कामाचे कागद बाजूला सारून त्यांनी कधी कोणाचा फोटो दाखवला असेल, कोणाच्या निकालाची बातमी आधी सांगून मग खुर्चीत बसले असतील. एवढं सांगितलंत तरी ती मुलं तुम्हाला विसरणार नाहीत.

एक विनंती. त्यांना संत करू नका. सगळे करतात आणि सगळ्या स्मरणसभा एकसारख्या होतात. पावत्या चुरगळून आणत असतील, मुदतीच्या आदल्या रात्री फोन करत असतील तर तेही सांगा. घरचे हसतील, आणि महिनाभरात ते बहुधा पहिल्यांदाच हसतील.

बिल पाठवा. नेहमीसारखं, नेहमीच्या दराने, सभा झाल्यावर थोड्या दिवसांनी. ज्याने कमी भरलेला कर शोधून भरला त्याचं घर तुमचे पैसे बुडवून घेणार नाही, आणि तुम्ही सोडून दिलेत तर त्यांना उलट उपकार वाटेल.

भाषण मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या. सावकाश वाचलं तर पाच मिनिटांत पाचशे शब्दही होत नाहीत, म्हणून आधी घड्याळ लावून एकदा वाचा. आवंढा आला तर थांबा, कोणाला घाई नसते. नंतर तो कागद त्यांच्या पत्नीला द्या.

आणि सुरुवातीला स्वतःची ओळख काय करून द्यायची, याची चिंता नको. "मी त्यांचे हिशेब बघायचे" एवढंच म्हणा आणि पुढे वाचायला लागा.

– ताई