"टीचर, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. नववी-दहावीची मुलं देव, मतदान, भाषा यांवर तोंडावर मत विचारतात. तेव्हा स्वतःची श्रद्धा आणि मतं वर्गात आणावीत, की दाराबाहेर ठेवावीत?

दाराबाहेर ठेवायची म्हटली तरी ती ठेवता येत नाहीत. कपाळावरचं कुंकू, गळ्यातला खुरीस (क्रूस), डोक्यावरचा हिजाब, आडनाव, गुरुवारचा उपास हे सगळं मुलांना पहिल्या आठवड्यातच समजतं. गोवा एवढासा, तुमचा चुलतभाऊ कुठल्या वॉर्डात कोणाचा प्रचार करत होता हेही त्यांना ठाऊक असतं. ते लपवायची गरज नाही. अडचण वेगळीच आहे. अंतर्गत गुण तुमच्या हातात असतात. त्यामुळे तुमचं साधं मतसुद्धा मुलाच्या कानापर्यंत जाईतो 'परीक्षेत लिहायचं उत्तर' झालेलं असतं. नववीतलं मूल त्यावर वाद घालत नाही, वहीत उतरवून घेतं.

म्हणून माझी कसोटी गुणांचीच आहे. एखाद्या मुलानं तुमच्या मताच्या नेमकं उलट, पण पुराव्यानिशी लिहिलं, तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत का? उत्तर 'हो' असेल, तर तिथं स्वतःचं मत आवरा. 'नाही' असेल, म्हणजे उलट लिहिणं निव्वळ चूक असेल, तर दोन बाजू असल्याचं सोंग आणू नका. उत्क्रांती, लसीकरण, ग्रहण हे दुसऱ्या गटातले विषय. २ ऑगस्ट २०२७ ला गोव्यातून सूर्यग्रहण खंडग्रास दिसेल (ऑगस्टातल्या ढगांनी मेहेरबानी केली तर). पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा आणि एक मीटरवर पांढरा कागद धरा. त्यावर सूर्याची साधारण नऊ मिलिमीटरची प्रतिमा पडते आणि मुलांना सूर्याकडे न बघता ग्रहण बघता येतं. 'ग्रहणात अन्न दूषित होतं का?' असं कोणी विचारलं तर 'नाही' म्हणायचं, अडखळायचं नाही. पण 'आमच्या घरी त्या वेळी जेवत नाहीत' असं सांगणाऱ्या मुलीच्या आजीची थट्टा करायची नाही. घरी काय पाळायचं ते घरच्यांनी ठरवावं.

खरा कस लागतो तो पहिल्या गटात, आणि गोव्यात त्यासाठी जनमत कौलाइतका चांगला धडा नाही. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावर लोकांनी मत दिलं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित) राहण्याची दोन पानं. अजूनही कित्येक घरांत आजोबा फुलाचे आणि आजी दोन पानांची असते. हा धडा घेताना एरवी समतोल असलेल्या शिक्षकाचाही आवाज बदलतो. 'आपण थोडक्यात वाचलो' किंवा 'तेव्हा मोठी चूक झाली' असं काहीतरी तोंडून निसटतं.

मी सुचवेन ती पद्धत अशी. मुलांना चिठ्ठ्या वाटा. प्रत्येक चिठ्ठीवर १९६७ मधला एक माणूस: मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), भाटकार (जमीनमालक), मराठी शाळेतला मास्तर, पणजीतला कारकून, सासष्टीतली कॅथलिक बाई, बोटीवरचा तारवटी (खलाशी). त्या माणसानं मत कोणाला दिलं हे लिहायचं नाही. त्याच्याजवळ फुलासाठी कोणतं कारण असेल आणि दोन पानांसाठी कोणतं, अशी दोन्ही कारणं लिहायची. मुंडकाराला महाराष्ट्रातल्या जमीन कायद्यांची आशा असू शकते आणि त्याच वेळी मोठ्या राज्यात आपलं कोण ऐकणार ही धास्तीही. मास्तराला मराठीची ओढ असेल आणि बदली कुठे होईल याची चिंताही. मुलांना हे पटकन जमतं. अडखळतात ती मोठी माणसं. मग फळ्यावर दोन रकाने करून कारणं लिहा आणि शेवटी ओळी मोजा. एका रकान्यात सात ओळी आणि दुसऱ्यात दोन असतील, तर तुमचं मत तोंड न उघडताही फळ्यावर आलेलं आहे. निकाल शेवटी सांगा: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१ मतांचा. आकडे आधी सांगितले की मुलं जिंकलेल्या बाजूचीच कारणं शोधू लागतात. जाता जाता हेही सांगा, की कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं होतं. खुर्चीवर बसलेल्याच्या मताचं वजन पडतं, हे तेव्हाच्या राजकारण्यांनाही ठाऊक होतं.

दोन चुका इथं हमखास होतात. एक, 'कोण फुलाच्या बाजूनं, हात वर करा.' गावच्या वर्गात वर आलेला हात म्हणजे अख्खं घर उघडं पडणं. हात कधीच मागू नका. निनावी चिठ्ठ्या घ्या. दुसरी चूक, 'फ्रान्सिस, तू सांग, तुमच्यात काय म्हणतात?' चौदा वर्षांच्या पोराला एकदम साऱ्या समाजाचा वकील करून टाकायचं. त्याला बोलायचं असेल तर तो स्वतः हात वर करील.

हेच इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, धड्याला शंभरपट लागू. तिथं पक्षपात उघडा पडतो तो सर्वनामांत: 'आमची देवळं', 'तुमचे पाद्री'. ही दोन सर्वनामं त्या तासापुरती टाळली तरी निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तारखांचं. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. इन्क्विझिशन १५६० ला आलं आणि मधली काही वर्षं सोडून १८१२ पर्यंत चाललं. देव अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) हलवले गेले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, तो भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. देवळं पाडणं आणि इन्क्विझिशन या दोन वेगळ्या यंत्रणा होत्या, आणि इन्क्विझिशनचा दंडुका मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवरच चालला. म्हणजे वर्गातल्या कॅथलिक मुलाचे पूर्वज त्या काळी बव्हंशी गावातलेच लोक होते, सोसणारे. हे कळलं की खोली थोडी सैल होते. कुंकळ्ळीचं १५८३ चं प्रकरण घेतलंत तर पाच जेजुइट मारले गेले तेही सांगा आणि नंतर असोळण्याच्या किल्ल्यात गावच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी दग्यानं मारलं तेही. एकच अर्ध सांगणं म्हणजे मत सांगणंच.

भाषेबद्दल, मराठी वाचकांसमोर म्हणून जरा स्पष्ट लिहितो. 'कोंकणी ही मराठीची बोली' असं तुमचं प्रामाणिक मत असू शकतं. वर्गात मात्र साहित्य अकादमीची १९७५ ची मान्यता, १९८७ चा राजभाषा कायदा आणि १९९२ साली आठव्या अनुसूचीत झालेला समावेश ही वस्तुस्थिती आहे, आणि त्याच कायद्यात मराठीला दिलेलं स्थान हीसुद्धा. मराठीच्या निबंधात मुलानं 'आईनं नुस्त्याचं रांदप केलं' असं लिहिलं, तर समासात 'मासे, स्वयंपाक' लिहून द्या. ते तुमचं कामच आहे. त्याच समासात 'गावठी भाषा नको' असं लिहिलंत, तर ती तुमची मतपत्रिका झाली.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला प्रार्थनेला किंवा पूजेला बसवता येत नाही. चर्चची शाळा असो की हिंदू व्यवस्थापनाची, सरस्वतीपूजन असो की चर्चमधली मास प्रार्थना, नियम एकच. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहिलेली पण धर्मश्रद्धेमुळे न गाणारी तीन मुलं सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तेव्हा प्रार्थनेत ओठ न हलवणाऱ्या मुलीकडे रोखून बघू नका.

एका जागी मात्र गप्प बसणं चूक आहे. डबा उघडताना कोणी 'शी, सोमवारी मासे?' म्हणालं, जातीवरून कोणाला बाक बदलायला लावला, कोणाला धर्मावरून टोपणनाव पडलं, तर तिथं दोन बाजू नसतात. त्याच क्षणी, सगळ्यांदेखत, एका वाक्यात थांबवा. लांबलचक व्याख्यान दिलंत तर ज्याला चिडवलं तोच जास्त ओशाळतो.

आता थेट प्रश्न. 'टीचर, तुम्ही मत कोणाला दिलं?' याला 'मतदान गुप्त असतं' एवढं पुरे; लागलीच गुप्त मतदान का आणलं ते शिकवा. 'देव मानता?' याला दहावीच्या वर्गात एका वाक्यात खरं उत्तर द्यायला माझी हरकत नाही. टाळाटाळ केलेली मुलांना कळते. मात्र कारणमीमांसा नको, आणि लगोलग विषय त्यांच्याकडे वळवा. प्राथमिकच्या मुलांना तेही नको. ती टीचरसारखं व्हायला बघतात.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटासाठी वेगळा नंबर ठेवा. निवडणुकीच्या आठवड्यात तुमचं स्टेटस पालक वाचतातच.

बोलता बोलता मत निसटलं, तर दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच सांगा: 'काल मी म्हटलं ते माझं मत होतं, धडा नव्हे, उलट लिहिलंत तरी गुण कापणार नाही.' पालक शाळेत यायच्या आधी मुख्याध्यापकांच्याही कानावर घाला. आणि त्या धड्याचे पेपर तपासताना नाव दुमडून ठेवा. झाले की तुमच्याशी सहमत असलेले आणि नसलेले असे दोन गठ्ठे करून गुणांची सरासरी काढा. बराच फरक दिसला तर कमी गुणांचा गठ्ठा पुन्हा वाचायचा.