वाचकांचे प्रश्न : जुनी अरिसाका रायफल

प्रश्न : लिलावात जपानी सैन्याची टाइप ३८ (अरिसाका) रायफल घेतली. बोल्ट (नळीचे मागचे तोंड उघडणारा-बंद करणारा सरकता दांडा) जड चालतो, त्याच्या मागची गोल टोपी तर फिरतच नाही. घरी खोलता येईल का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : येईल, आणि बोल्टपुरते एकही अवजार लागणार नाही. १९०५ साली स्वीकारलेल्या या रायफलीच्या बोल्टमध्ये सहाच भाग असतात: बोल्टचा मुख्य दांडा, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा), त्याचे कडे, फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी), स्प्रिंग आणि ती टोपी. टोपी म्हणजेच सेफ्टी, चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा अडसर.

आधी मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) पाहा, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) करंगळी घालून खात्री करा. नजरेवर विसंबू नका. डाव्या बाजूचा बोल्ट-स्टॉप (बोल्ट अडवणारा खटका) बाहेर ओढून धरला की बोल्ट सरळ मागे निघतो. वर पत्र्याचे सरकते झाकण असेल तर ते बोल्टबरोबरच येऊ द्या. एकटेच ओढले तर कडा वाकतात आणि मग ते खाचेत परत बसत नाही.

आता टोपी तळहाताने आत दाबा आणि दाब न सोडता फिरवा. दात खाचेतून सुटताच स्प्रिंग तिला बाहेर ढकलते, म्हणून चेहरा त्या रेषेत नको. हात सावकाश मागे घ्या. फायरिंग पिन पोकळ असते आणि स्प्रिंग तिच्या आत बसते. तुमचे दुखणे बहुधा इथेच आहे. साठवणीतले ग्रीस वर्षानुवर्षे सुकून वॉर्निशसारखे घट्ट होते, टोपी अडकते आणि पिनेचा ठोकाही हलका पडतो. मागच्या फटीत गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवा. पक्कड लावू नका, टोपीवरची नक्षी सपाट होते. सुटे झालेले भाग मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवा, पिनेची पोकळी बारीक ब्रशने साफ करा, कोरडे पुसा आणि तेलाचा अगदी पातळ हात द्या. जाड तेलाने पुन्हा तोच चिकटा जमेल.

एक्स्ट्रॅक्टरला गरज नसताना हात लावू नये. काढायचाच असेल तर बोल्टभोवती फिरवून पुढे सरकवा; आकडा उचकटला की तो तुटण्याची भीती. जोडताना पिनेचा दात बोल्टच्या मागच्या उथळ खाचेत हवा. खोल खाचेत उतरला असेल तर बोल्ट रायफलीत शिरत नाही, आणि लोक तिथे उगाच ठोकाठोक करतात.

प्रश्न : दस्त्याच्या मागच्या भागात लांबलचक उभी चीर दिसते. एपॉक्सी भरू का?

उत्तर : ती चीर नव्हे, कारखान्यातलाच सांधा. लाकूड वाचावे म्हणून दस्ता दोन तुकडे सांध्यात बसवून, चिकटवून केलेला असतो. सांधा हलत असेल तरच लाकडाचा साधा डिंक आत सोडा आणि सौम्य दाबाने एक दिवस बांधून ठेवा. सँडपेपर आणि पेंट रिमूव्हर मात्र लांब ठेवा: मूळ लाखेचा थर गेला की परत आणता येत नाही. उन्हातही ठेवू नका.

प्रश्न : या रायफलीतून गोळी झाडावी का?

उत्तर : जाणकार बंदूक-कारागिराने चेंबरचा साचा घेऊन मोजल्याशिवाय नाही. टाइप ३८ ची मूळ गोळी ६.५ मिमी, पुढे आलेल्या १९३९ च्या टाइप ९९ ची ७.७, पण अमेरिकेत आलेल्या अनेक रायफलींचे चेंबर पुढे दुसऱ्या काडतुसांसाठी वाढवलेले आहेत, आणि बाहेरून ते कळत नाही. नळीत सर्पिल खाचाच नसतील तर ती शाळा-कवायतीची सरावाची रायफल असू शकते. तिचा रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा) ओतीव लोखंडाचा, फक्त खरी गोळी नसलेल्या सरावाच्या काडतुसांसाठी केलेला असतो.

युद्धकाळातली काडतुसे वापरली असतील तर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा. त्यांच्या प्रायमरमधून (ठोक्याने पेटणारी बुडातली टिकली) उरणारा क्षार हवेतला ओलावा ओढतो. तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. धुतल्यावर कोरड्या चिंध्या, मग तेल. टाइप ९९ च्या सुरुवातीच्या नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो, म्हणून त्या गंजाला जास्त टिकतात.

प्रश्न : वरचे शेवंतीचे फूल घासलेले आहे. पुन्हा कोरून घेऊ?

उत्तर : नको. सोळा पाकळ्यांचे ते राजचिन्ह जपानच्या शरणागतीनंतर रायफली सोपवताना घासले गेले, म्हणजे तोही तिच्या इतिहासाचाच भाग. शिवाय घासल्याने धातू खोलगट झालेला असतो. त्यावर कोरलेले नवे फूल जाणकार लगेच ओळखतो आणि किंमत उलट खाली येते.