विचारा, सांगते : सांतो दोमिंगो एका दिवसात उरकू का?

प्रश्न : ताई, मी आणि मिस्टर जानेवारीत डॉमिनिकन रिपब्लिकला जातोय, मुलगा अमेरिकेत आहे त्यामुळे तिथूनच पुढे. एजंट म्हणतो पुंता कानाच्या ऑल इन्क्लुसिव्ह रिसॉर्टमध्ये सहा रात्री घ्या आणि राजधानी सांतो दोमिंगो एक दिवसाच्या ट्रिपमध्ये उरका. आम्हाला जुनं शहर नीट बघायचंय, पण समुद्रही हवाय. मिस्टरांचे गुडघे दुखतात. काय करू?

उत्तर : आधी त्या एक दिवसाच्या ट्रिपवर फुली मारा. पुंता कानाहून जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच, मधे ग्रुपचं जेवण आणि दागिन्यांच्या दुकानात सक्तीचा थांबा, म्हणजे गावात जेमतेम तीन तास मिळतात आणि तेही भर दुपारचे, जेव्हा तिथली माणसं स्वतः सावली सोडत नाहीत. हे शहर सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचनंतर बघायचं असतं. तीन रात्री सोना कोलोनियालमध्ये राहा, म्हणजे जुन्या गावात, आणि उरलेल्या तीन समुद्राला द्या.

गाव कसलं आहे ते सांगते. कोलंबसचा भाऊ बार्थोलोम्यूने १४९६ साली ओसामा नदीच्या पूर्वेला वस्ती केली, १५०२ च्या वादळात ती मोडली, मग ओवान्दो नावाच्या गव्हर्नरने ती पश्चिम काठावर हलवली आणि तेच आजचं जुनं शहर, १९९० पासून युनेस्कोच्या यादीत. युरोपियन लोकांनी उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांत वसवलेलं आणि आजवर सलग नांदतं असं सगळ्यात जुनं शहर. सुरुवात काये लास दामासवरून करा. दामास म्हणजे बायका. कोलंबसचा मुलगा दिएगो, त्याची बायको मारिया दे तोलेदो, तिच्या सख्या या रस्त्यावरून फिरायच्या म्हणून हे नाव. रस्ता सपाट आहे पण दगडी, फटीत पाय अडकतो, तेव्हा मिस्टरांना चांगले बूट घालायला लावा, सँडल नको. एका टोकाला ओसामाचा किल्ला, दुसरीकडे दिएगोचा वाडा, अल्कासार. वाड्यात जिने आहेत, गुडघे नाही म्हणाले तर खाली चौकात बसून राहिलं तरी चालतं.

कॅथेड्रल मात्र चुकवू नका, पोवळ्याच्या चुनखडी दगडाचं आहे आणि तिरप्या उन्हात पिवळंधमक दिसतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मला एकदा दारातूनच परत पाठवलंय, त्यामुळे पर्समध्ये ओढणी असू द्या. आणि संध्याकाळी मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, मोन्तेसिनोसचा प्रचंड पुतळा बघा, तोंडाशी हात धरून समुद्राकडे ओरडणारा. १५११ मध्ये या पाद्र्याने स्पॅनिश जमीनदारांना भर चर्चमध्ये विचारलं होतं की हे ताईनो, म्हणजे इथले मूळ रहिवासी, माणसं नाहीत का. पुढच्या काही दशकांत ताईनो जवळजवळ संपलेच, आणि वाड्यांपेक्षा मला तो पुतळाच जास्त लक्षात राहिलाय.

आता समुद्र. पुंता काना वाईट नाही, पण तिथला किनारा अटलांटिकच्या बाजूला उघडा, आणि २०११ पासून सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येतं, उन्हाळ्यात तर वास सहन होत नाही. जानेवारीत त्रास कमी असतो, तरीही तुम्हा दोघांना मी बायाइबे सुचवीन. मुळात कोळ्यांचं गाव, कॅरिबियन बाजूला, पाणी शांत, आणि तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे सूर्यास्त पाण्यावर दिसतो, जो पुंता कानाला मिळत नाही. तिथून बोटीने साओना बेटावर जातात. वाटेत भर समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात बोट थांबवतात, खाली पांढरी वाळू आणि त्यात ताटलीएवढे स्टारफिश. कुणी हातात देऊन फोटो काढूया म्हणालं तर नको म्हणा, पाण्याबाहेर काढलं की मरतात ते.

सांतो दोमिंगोहून बायाइबेला जायला ला रोमाना शहरापर्यंत बस आणि पुढे गुआगुआ, म्हणजे तिथली मिनीबस, जिच्यात चार सीटवर सहा माणसं आणि एक कोंबडी असू शकते. गुडघ्यांसाठी सरळ टॅक्सी ठरवा, दोन तासांत पोचाल.

प्रश्न : कोलंबस नक्की कुठे पुरलाय? स्पेनमध्ये सेव्हियाला कबर बघितली, आता इथेही आहे म्हणतात.

उत्तर : दोन्हीकडे आहे म्हणतात आणि दोघंही मागे हटत नाहीत! हाडं स्पेनमधून सांतो दोमिंगोच्या कॅथेड्रलमध्ये आणली होती, १७९५ मध्ये फ्रेंच येणार म्हणून स्पॅनिशांनी ती हवानाला हलवली आणि १८९८ मध्ये सेव्हियाला. पण १८७७ मध्ये कॅथेड्रलमध्ये कोलंबसचं नाव कोरलेली शिशाची पेटी सापडली, तेव्हा डॉमिनिकन म्हणाले की तुम्ही चुकीची पेटी नेलीत. सेव्हियाच्या हाडांची डीएनए तपासणी झाली आणि ती त्याचीच निघाली, पण तिथे हाडं थोडीच आहेत, त्यामुळे उरलेली इकडे असूही शकतात. डॉमिनिकनांनी मात्र आपली पेटी डीएनए तपासणीला दिलेली नाही. ती १९९२ पासून नदीपलीकडे फारो आ कोलोनमध्ये, म्हणजे कोलंबसच्या दीपगृह-स्मारकात आहे, काँक्रीटचा आडवा पडलेला अवाढव्य क्रॉस, मला तरी कुरूप वाटला.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी मरू का?

उत्तर : अजिबात नाही. मोरो दे गुआंदुलेस मागवा आणि बघा ताटात काय येतं. गुआंदुलेस म्हणजे आपली तूर, ओले दाणे भातात शिजवलेले! बुडाशी लागलेल्या भाताच्या खरपुडीला कोंकोन म्हणतात आणि त्यासाठी घराघरात भांडणं होतात. शिवाय मांगू म्हणजे कच्ची केळी उकडून कुस्करलेली, तोस्तोनेस म्हणजे चेपून तळलेली, तळलेलं चीज, अवोकाडो, आणि चिनोलाचं सरबत, चिनोला म्हणजे पॅशन फ्रूट. फक्त ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून थांबू नका, कारण कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या डोक्यात बीफ किंवा पोर्क, चिकन त्यात धरत नाहीत आणि उसळीत हॅमचा तुकडा असतो. ‘नि पोयो, नि हामोन’ जोडा, म्हणजे चिकनही नको, हॅमही नको. मासे खात नसाल तर तेही सांगा.

प्रश्न : डॉलर चालतील ना? आणि ई-तिकीट काय भानगड आहे?

उत्तर : चालतात, पण रेट दुकानदाराच्या मनाचा. एका डॉलरला साधारण ६० पेसो धरा. कोलमादोत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पेसोच द्या. तिथेच बाहेर प्लास्टिकच्या टेबलावर म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या अशा आपटतात की आधी वाटतं भांडण लागलं. हॉटेलात मेनूवरच्या भावाला फसू नका, त्यावर १८ टक्के टॅक्स आणि १० टक्के सर्व्हिस चढते. ई-तिकीट म्हणजे येता-जाताना भरायचा सरकारी ऑनलाइन फॉर्म, क्यूआर कोड मिळतो आणि तो फुकट असतो. मी घाईत सर्चमध्ये वर दिसलेली पहिली साइट उघडली, सरकारीच दिसत होती, आणि कार्डाने चक्क पैसे भरून मोकळी झाले. कुठेही पैसे मागितले की ती खिडकी बंद करा. आणि अमेरिकेतून जाताय तर परत येताना लागणारा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते तिकीट काढायच्या आधी बघा.