बेळगावच्या जुन्या घरात अ‍ॅक्रिलिकचा बाथटब पाय ठेवताच करकरतो. टब बदलावा लागेल का?

टब बदलण्याची गरज नाही. बुडाखालची पोकळी वाळू-सिमेंटच्या मालाने भरली की आवाज बहुधा थांबतो. अ‍ॅक्रिलिक लवचिक असल्याने नुसत्या पायांवर उभा केलेला टब माणसाच्या वजनाने दबतो आणि कडेच्या फरशीला घासतो. म्हणून समोरची फरशी काढून आधी पायांचे नट आवळावेत, मग माल भरावा. टब आणि फरशीच्या सांध्यात सिलिकॉन भरताना टब पाण्याने भरलेला ठेवावा, अन्यथा तो पुढे दबताच सांधा उकलतो. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात सांधे लवकर वाळत नाहीत, तेव्हा काम उघडीप पाहून करावे. मात्र न्हाणीघर माडीवर लाकडी तुळयांवर असेल, तर आधी तुळया तपासून घ्याव्यात, कारण 150 लिटर पाण्याचेच वजन 150 किलो होते.