केमोनंतर रात्री ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं का?

प्रश्न: आईची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे. दुसऱ्या सायकलनंतर दहाव्या दिवशी रात्री १०१ ताप आला, आम्ही पॅरासिटामॉल दिली, सकाळी उतरला म्हणून दवाखान्यात गेलोच नाही. चुकलं का आमचं?
– एक वाचक, कराड

उत्तर: हो, चुकलं. आता आजच तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. कसं असतं, केमो कॅन्सरच्या पेशींबरोबर बोनमॅरोलाही (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) दणका देते, त्यामुळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, तळाला जातात आणि एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या की साधं इन्फेक्शनसुद्धा काही तासांत रक्तात पसरू शकतं. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) पेशीच नाहीत तर पू नाही, सूज नाही, बऱ्याचदा ताप हीच एकुलती एक खूण, आणि तीच तुम्ही गोळी देऊन पुसलीत. थर्मामीटरवर १००.४ दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य 'केमो चालू आहे'. तिथे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक, शक्यतो पहिल्या तासाभरातच. हुडहुडी भरली तर ताप नसला तरी जा. पुढच्या सायकलला पेशी वाढवायचं जीसीएसएफ इंजेक्शन लागेल का तेही विचारा, त्याने हाडं दुखू शकतात. शेजारचे पपईच्या पानांचा रस सुचवतील, तो राहू द्या.